एक, दोन, तीन, चला

"तुमचं एकदा काय ते ठरलंय का नाही? अर्धे तीनवर हलता, अर्धे 'चला'वर. आणि मधल्यामधे माझी मान!"

मामाचा आवाज इयरफोनमधून इतका जवळून आला की मी दचकून मागे पाहिलं. मागे सलाईनची खोकी एकावर एक रचलेली होती आणि एक मोडका पंखा होता. मामाला जाऊन पाच महिने झाले होते.

मामा म्हणजे आमच्या आयसीयूतला वॉर्डबॉय. वय पंचावन्न, गुडघे सत्तरीचे आणि जीभ सोळाची. बावीस वर्षं त्यानं माणसं या पलंगावरून त्या पलंगावर नेली, आणि नेताना प्रत्येकाला सांगितलं, "घाबरू नका, माझ्या हातून आजवर एकच पडलाय, आणि तो डॉक्टर होता." माणूस हसायचा, तेवढ्यात हा उचलायचा. साथ आली, आमच्यातले निम्मे आजारी पडले, उरलेले पडायच्या बेतात होते, तरी हा ट्रॉली ढकलतच होता. मग एक दिवस तोच ट्रॉलीवरून आला. आमच्याकडे. सात नंबरच्या पलंगावर.

मी पाहत होते ती फिल्म त्याच्या आधीची, सरावाची. बेशुद्ध पेशंटला पालथं कसं करायचं, त्याचा सराव. पालथं केलं की फुप्फुसाचा मागचा भाग मोकळा होतो, श्वास सुधारतो. पण तोंडात श्वासाची नळी, हाताला सुया, छातीला तारा, एवढं सगळं घेऊन माणूस उलटा करायचा म्हणजे चौघांनी एक होऊन हलावं लागतं. सरावाला पेशंट हवा होता. दुपारचं आडवं व्हायला मिळतंय म्हटल्यावर मामा स्वतःहून पलंगावर चढला. तो कुरकुरला तेव्हा फिल्ममध्ये सगळे खदखदून हसले. मीही इयरफोन कानात घालून हसले. मग तोंडावर हात ठेवून बसून राहिले.

ही फिल्म आम्ही काढली होती मंगळवारच्या शाळेसाठी. साथीच्या दुसऱ्या महिन्यात ती शाळा सुरू झाली. बत्तीस दवाखान्यांचे आयसीयू दर मंगळवारी दुपारी तीनला कॉम्प्युटरवर एकत्र यायचे, आणि आपलं काय जमलं, काय फसलं, ते एकमेकांना सांगायचे. शाळा चालवायची एक पिकल्या केसांची निवृत्त डॉक्टरीण. आपल्या चौकटीत बसून सगळा वेळ लोकरीचं काहीतरी विणायची. आम्ही तिला आजीबाई म्हणायचो. तिचा नियम एकच. "माणूस सांगू नका, पायरी सांगा. कोण चुकलं ते मला नको. कुठं चुकलं ते हवं."

खोटं कशाला बोलू, शाळेचा उपयोग झाला. कुठल्याशा लहान दवाखान्यातल्या पोरींनी साथीच्या अंगभर सूटच्या छातीवर स्वतःचा हसरा फोटो चिकटवायची युक्ती सांगितली. पांढऱ्या सुटांत आम्ही सगळे पेशंटला भुतांसारखे दिसायचो. फोटो लावल्यापासून शुद्धीवरची माणसं आमच्याकडे बघायला लागली. गुंगीचं औषध रोज सकाळी थांबवून बघायचं, तेही तिथूनच शिकलो. पण तो नियम मात्र माझ्या डोळ्यांत खुपायचा. कोण चुकलं ते नको म्हणजे काय? म्हणजे चुकणाऱ्याची चैन. आणि आमच्याकडे तर उलटंच झालं होतं. शाळेत नाव घ्यायचं नाही आणि दवाखान्याच्या अहवालात नाव घालून मोकळं व्हायचं.

ते नाव माझ्या नणंदेचं होतं.

वन्सं घरी माझी मोठी नणंद आणि कामावर माझी इनचार्ज. म्हणजे चोवीस तासांतला एकही तास असा नाही की ज्यात मला त्यांचा हुकूम नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांनी मला 'छोटी' म्हटलं. आता मी सत्तेचाळीस वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधते, तरी छोटीच. पंचवीस वर्षं आमचं पटलं असं कोणी म्हणणार नाही. चहा किती उकळायचा यावरून आम्ही तीन-तीन दिवस अबोला धरलाय. पण नळी कशी धरायची ते मला त्यांनीच शिकवलं. माझे हात त्यांनी घडवले.

भिंतीवरचा तक्ताही त्यांनीच लिहिला होता, जाड मार्करनं. 'एक, दोन, तीन, चला. हलायचं चलावर. शब्द डोक्याशी उभं असेल त्याचा.' कारण नळी त्याच्या हातात असते. त्याची तयारी झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही.

मामाला पालथं केलं त्या दिवशी डोक्याशी वन्सं होत्या. नळी निघाली. परत घालायला सहा मिनिटं लागली, आणि मामाकडे सहा मिनिटं नव्हती. तिसऱ्या दिवशी तो गेला. अहवालावर सही केली मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी. 'डोक्याशी असलेल्या परिचारिकेची पकड सुटल्याने नळी निघाली.' एका ओळीत तीस वर्षांची नोकरी धुतली. रडले तेही, नाही असं नाही. रडले आणि सही केली.

वन्संना निर्जंतुक विभागात पाठवलं. तिथं यंत्रातून निघालेल्या कात्र्या मोजून कपड्यात बांधायच्या, गॉजच्या घड्या घालायच्या. चौकशी समितीपुढे त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. विचारलं, "कोणी आधी हललं का?" तर म्हणाल्या, "आठवत नाही." आठवत नाही! ज्या बाईला माझ्या लग्नात कोणत्या पाहुण्यानं कुठल्या रंगाचा शर्ट घातला होता ते आठवतं! साहेबांना घाबरल्या, असं मी धरून चालले. निवृत्तीला चौदा महिने उरलेले. शुक्रवारी समितीचा निकाल लागायचा होता, आणि एकदा का तो लागला की ती ओळ त्यांच्या सेवापुस्तकात कायमची.

म्हणून मी सूड घ्यायचं ठरवलं. हा शब्द मोठा वाटेल, पण दुसरा शब्द नाही. पाच महिने मी साहेबांना "गुड मॉर्निंग सर" म्हणत होते आणि मनात त्यांच्या खुर्चीचे पाय कापत होते.

संधी त्यांनीच आणून दिली. राउंड संपल्यावर खिशातली पेनं सरळ करत म्हणाले, "सिस्टर, या मंगळवारी केस मांडायची आपली पाळी आहे. तुम्ही तयारी करा. पण ती... ती मामाची नको. आपल्याकडे पाठीच्या जखमा कमी झाल्यात ना, ते मांडा. चांगलं दिसेल."

"हो सर," मी म्हटलं. "चांगलंच दिसेल."

तयारीसाठी शाळेच्या खात्याचा पासवर्ड मिळाला. तो कीबोर्डच्या खाली चिकटपट्टीवर लिहिलेला होता. पाच महिने तिथंच होता आणि मला सुचलं नव्हतं, याचं अजून वाईट वाटतं. स्टोअरच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत, मी ती फिल्म उघडली. कोणीतरी फोन उंच सलाईनच्या स्टँडला चिकटपट्टीनं बांधला होता. सराव म्हणून सूट नाहीत, नुसते मास्क, त्यामुळे सगळे ओळखू येतात. पलंगावर मामा. डोक्याशी वन्सं. दाराच्या बाजूला साहेब, खिडकीच्या बाजूला मी, पायांशी टेक्निशियन. साहेबांचा तो खणखणीत आवाज, "एक, दोन, तीन!" आणि तीनवरच त्यांनी उचललं. 'चला' म्हणायला वन्संचा मास्क नुसता हलला होता. तेवढ्यात मामाचं अंग गेलं आणि डोकं मागे राहिलं. मग त्याची ती कुरकुर, आणि आमचं हसणं.

मोजायचं काम साहेबांचं नव्हतंच. पण साहेब जिथं उभे राहतील तिथं मोजणी त्यांचीच.

फिल्मच्या खालीच एक मेल होती. शाळेकडून आलेली, तारीख मामाला पालथं केलं त्याच्या नऊ दिवस आधीची. 'तुमच्याकडे दोन लयी चालू आहेत. बाजूची माणसं तीनवर हलतात, डोक्याकडची व्यक्ती शब्दाची वाट पाहते. डोक्याकडची व्यक्ती बरोबर आहे. खऱ्या पेशंटवर करण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून हे नक्की करा.' आणि त्याखाली साहेबांचं उत्तर. 'धन्यवाद. टीमला कळवले आहे.'

कोणाला कळवलं होतं? पलंगाला? मी ती ओळ चार वेळा वाचली. मला हसू यायला लागलं. डबा तसाच राहिला, भूक मेली. एवढं पोट भरलेलं मला कितीतरी दिवसांत आठवत नव्हतं.

तशीच उठून निर्जंतुक विभागात गेले. वन्सं उंच स्टुलावर बसून गॉज दुमडत होत्या. खोलीत वाफेचा आणि गरम कापडाचा वास. घड्या इतक्या सारख्या की पट्टीनं मोजून घ्याव्यात.

"सापडलं," मी म्हटलं.

"काय?"

मी सगळं सांगितलं. फिल्म, मेल, उत्तर. मंगळवारी पाठीच्या जखमा दाखवते म्हणून बसणार आणि बत्तीस दवाखान्यांसमोर ही फिल्म लावणार. साहेबांचा आवाज, साहेबांचे हात. वर त्यांचं ते 'कळवले आहे'. "बघू दे सगळ्या जगाला. शुक्रवारच्या आत समितीला तोंड लपवायला जागा उरणार नाही."

मला वाटलं, त्या निदान मान वर करतील.

"छोटे, राहू दे," त्या म्हणाल्या.

"का राहू दे? घाबरता काय त्या माणसाला? तुम्ही? मला चहावरून उभी जाळणाऱ्या तुम्ही?"

"चहा तू अजून कच्चाच करतेस." त्यांनी एक घडी मोडली, परत घातली. "फिल्म पूर्ण पाहिलीस?"

"पाहिली की."

"सगळ्यांचे हात पाहिलेस?"

"साहेबांचे पाहिले. तेवढे पुरे आहेत."

"बरं," वन्सं म्हणाल्या, आणि पुढचा गॉज उचलला. "जेवून घे. तोंड सुकलंय."

मी तणतणत परत आले. फिल्म पुन्हा लावली. साहेबांचे हात मला पाठ झाले होते, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.

दाराच्या बाजूचा माणूस उचलून देतो. ओढून घेतो तो खिडकीच्या बाजूचा. त्यानं ओढल्याशिवाय अंग पलीकडे जातच नाही, कोणी कितीही उचलू दे. आणि खिडकीच्या बाजूचे हात तीनवर ओढत होते. एक क्षणही थांबले नव्हते. मनगटावर माझं घड्याळ होतं, काच तडकलेलं. मी फिल्म मागे नेली, परत पाहिली. तीन, आणि ओढलं. साहेबांच्या आवाजावर पंचवीस वर्षं हललेले हात. तक्ता मी रोज वाचत होते. हातांनी वाचला नव्हता.

आणि मग ते हसणं. मामाच्या कुरकुरीवर सगळ्यात मोठ्यानं हसणारी बाई मीच होते.

त्या दिवशीही मी खिडकीच्या बाजूला होते. त्याच जागी. सूट, धुकं धरलेला चष्मा, शेजारच्या पलंगाच्या मॉनिटरचा ठणाणा, साहेबांचं "एक, दोन, तीन". पुढचं मी पाच महिने असं आठवत होते की 'नळी निघाली'. जणू ती आपली आपण उठून निघाली. आता हातांना आठवलं. चादर मुठीत आली होती आणि जड होती, आणि मी ओढली होती. वन्सं माझ्या समोर होत्या, दोन हातांवर. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. साहेबांकडे नाही.

"कोणी आधी हललं का?" असं समितीनं विचारलं, आणि ज्या बाईला सगळं आठवतं तिला आठवलं नाही. साहेबांचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग ओढलं कोणी?

मी फिल्म बंद केली. शहाण्या बाईनं इथं थांबायला हवं होतं. मी काय केलं ते सांगते. मी फिल्म कापली.

हे काम कठीण नाही. चौकट आत सरकवली की खिडकीची बाजू जाते. उरतात मामा, वन्सं, साहेब आणि टेक्निशियनची पाठ. कुरकुर ठेवली, हसणं कापलं. माझं मला समजावणंही तयार होतं. मेल मला नव्हती आली. उत्तर मी नव्हतं लिहिलं. सही मी नव्हती केली. माझे हात चुकले असतील, पण नऊ दिवस ज्याला ठाऊक होतं तो गप्प बसला होता. हिशेब त्याचाच आधी. हे सगळं खरं होतं, म्हणूनच इतकं सोयीचं होतं.

सोमवारी घरी आमचे हे शिलाई मशीनचं चाक मांडीवर घेऊन त्यात तेल सोडत होते. हे दुसऱ्यांची मशीनं दुरुस्त करतात आणि घरातल्या माणसांत पडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. मी म्हटलं, "उद्या तुमच्या बहिणीचा सूड घेणार आहे."

"तिनं सांगितलंय का?"

"ती काय सांगणार? ती गॉजच्या घड्या घालते."

"मग कोणासाठी घेतेस?" असं म्हणून त्यांनी चाक फिरवून पाहिलं. चाक गोड फिरलं. मला ते चाक उचलून फेकावंसं वाटलं.

मंगळवारी पावणेतीनला आम्ही बैठकीच्या खोलीत जमलो. लांब टेबल, एक कॉम्प्युटर, भिंतीवर मोठा पडदा. साहेब माझ्या शेजारच्या खुर्चीत, कोपराला कोपर लागेल इतके जवळ. टेक्निशियन दाराशी, चुळबुळत. पडद्यावर एकेक चौकट उघडत गेली. कुठं सुटातच आलेली माणसं, कुठं रिकामी खुर्ची, कुठं कोणी डबा खातंय. आजीबाई आल्या, लोकर या वेळी हिरवी. शेवटून दुसरी एक काळी चौकट उघडली. कॅमेरा बंद. खाली लिहिलं होतं, 'निर्जंतुक विभाग'. आमच्याच दवाखान्याचा.

आता मागे फिरायचं नाही, मी स्वतःला बजावलं.

"बोला," आजीबाई म्हणाल्या. "आज पाठीच्या जखमा ना?"

"नाही," मी म्हटलं. "आज आमच्याकडचा एक मृत्यू."

शेजारचं कोपर लांब झालं. "सिस्टर," साहेब हळू आवाजात म्हणाले, "आपलं काय ठरलं होतं?"

"तुम्ही ठरवलं होतं सर," मी तितक्याच हळू म्हटलं, "मला कळवायचं राहिलं असेल."

आणि मी फिल्म लावली.

जे हवं होतं ते सगळं झालं, ते मी लपवणार नाही. "एक, दोन, तीन!" साहेबांचा आवाज त्या खोलीत घुमला. पडद्यावर साहेबांचे हात तीनवर वर गेले. मामाची मान मागे राहिली. "तुमचं एकदा काय ते ठरलंय का नाही?" मामा म्हणाला, आणि दाराशी टेक्निशियननं तोंड फिरवलं. मग मी मेल लावली. तारीख मोठ्या अक्षरांत, त्याखाली 'टीमला कळवले आहे', त्याखाली त्या दिवसाची तारीख. मी बोलत होते, माझा आवाज स्थिर होता, इतका की मलाच परका वाटला. "फिल्ममधला हा माणूस आमचा वॉर्डबॉय. या मेलनंतर नऊ दिवसांनी याच पलंगावर, याच मोजणीत, याची नळी निघाली. दोष लागला तो वाट पाहणाऱ्या बाईला."

साहेब पेनं सरळ करत नव्हते. हात मांडीवर होते, तळवे वर. त्यांचा चेहरा पडद्यावर आमच्या चौकटीत दिसत होता, बत्तीस ठिकाणी. हेच मला हवं होतं. पाच महिने हेच हवं होतं. आणि मी पाहत होते एका काळ्या चौकटीकडे.

डबा खाणाऱ्यानं डबा बंद केला.

"मेल मी वाचली होती," साहेब म्हणाले. घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "वाचली होती. सांगायचं राहिलं. त्या दिवशी अकरा पेशंट आले होते. मग... मग उशीर झाला होता आणि मला..."

माझ्या आत काहीतरी टाळ्या वाजवायला उठलं आणि तसंच उभं राहिलं.

आजीबाईंनी सुया खाली ठेवल्या. इतक्या मंगळवारांत मी त्यांचे हात रिकामे पहिल्यांदा पाहिले.

"ज्यांनी आत्ता सांगितलं त्यांचे आभार," त्या म्हणाल्या. "आणि मेल पाठवून आम्हीही झोपलो, पुन्हा विचारलं नाही. ती आमची पायरी. आता फिल्म परत लावाल का? आवाज नको. तो तीनचा क्षण."

मी लावली.

"थांबवा. इथं." त्या पडद्याजवळ वाकल्या. "दाराच्या बाजूनं उचललंय, बरोबर. पण नुसतं उचलून माणूस पलीकडे जात नाही. कोणीतरी ओढायला हवं. ही फिल्म आमच्याकडे आली तेव्हा चौघं होती, मला आठवतंय. खिडकीची बाजू कुठं गेली?"

टेक्निशियननं माझ्याकडे पाहिलं. पाहिलं आणि लगेच जमिनीकडे पाहिलं. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. पायांशी उभा होता तो. त्याला ठाऊक नसेल तर कोणाला? साहेबांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांना एक शब्द पुरला असता. बोट उचललं असतं तरी पुरलं असतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मी उचललं असतं. त्यांनी मान खाली घातली. ते मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

"मला नाव नको," आजीबाई म्हणाल्या. "फक्त पायरी सांगा. खिडकीकडचे हात शब्दासाठी थांबले होते का?"

काळ्या चौकटीच्या कोपऱ्यातला बंद माईकवरची लाल फुली गेली.

"त्या कोपऱ्यात उजेड कमी होता," वन्संचा आवाज आला, यंत्रांच्या फुसफुशीतून, कोरडा, राउंडला बोलतात तसा. "फिल्ममध्ये दिसलं नसेल. आणि त्या दिवशी... त्या दिवशीचं मला आठवत नाही."

पाच महिन्यांनी पुन्हा तेच वाक्य. शुक्रवार तीन दिवसांवर होता. साहेबांनी आत्ता जे कबूल केलं त्यावर त्या सुटल्याही असत्या कदाचित, आणि मीही. तिघांचंही भागलं असतं. फक्त त्या बाईला उरलेले चौदा महिने, आणि त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात माझ्या समोर बसून, रोज विसरावं लागलं असतं.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. ते टेबलावर होते. मनगटावर तडकलेल्या काचेचं घड्याळ, तीन वाजून बावीस मिनिटं.

"वन्सं, माईक बंद करा," मी म्हटलं. पंचवीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हुकूम दिला होता. त्यांनी बंद केला नाही.

"फिल्म मी कापली," मी म्हटलं. "खिडकीच्या बाजूला मी होते. फिल्ममध्येही, त्या दिवशीही. साहेबांनी तीनवर उचललं आणि मी तीनवर ओढलं. 'चला' अजून कोणी म्हटलंच नव्हतं. नळी वन्संच्या हातून सुटली नाही. मी ओढून काढली."